‘आपला’ फ्रेडी आणि १९८४ चा ऑक्टोबर

दरवर्षी ५ सप्टेंबर आणि २४ नोव्हेंबर या दोन तारखांना मराठी समाजमाध्यमांवर पाचगणीच्या एका शाळेचे छायाचित्र फिरते. पहिली तारीख जन्माची, दुसरी मृत्यूची. सोबतचा मजकूर ठरलेला असतो: क्वीन या ब्रिटिश बॅंडचा गायक फ्रेडी मर्क्युरी ‘आपला’ होता, महाराष्ट्रात शिकला होता. हा मजकूर खोटा नाही. मात्र त्यातील ‘आपला’ हा शब्द किती भार पेलू शकतो, हे सहसा कोणी तपासत नाही. ते तपासायचे तर शाळेच्या फाटकापाशी थांबून भागत नाही. १९८० ते १९८९ या काळात क्वीनने काय ध्वनिमुद्रित केले आणि ते कुठे जाऊन वाजवले, तिथवर जावे लागते. हा धागा त्याचसाठी.

आधी नकाशा लावून घ्यावा. फरोख बुलसारा हा आठ वर्षांचा मुलगा झांजिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला तो १९५५ च्या सुमारास. त्या वर्षी महाराष्ट्र नावाचे राज्यच नव्हते. पाचगणी मुंबई राज्यात होती. ज्या गावावरून बुलसारा हे आडनाव पडले ते बुलसार, म्हणजे आजचे गुजरातमधील वलसाड, तेही मुंबई राज्यातच होते. आज हिंगोली जिल्ह्यात असलेले आखाडा बाळापूर मात्र तेव्हा हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होते. मराठवाड्यासह ते मुंबई राज्याला जोडले गेले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. हिंगोली जिल्हा तर १ मे १९९९ चा. म्हणजे १९५५ साली कळमनुरी तालुक्यातील एखादा माणूस पाचगणीला गेला असता तर तो परराज्यात गेला असता, आणि झांजिबारच्या पारशी नोकरदाराचा मुलगा मात्र आपल्या पूर्वजांच्याच राज्यात आला होता. आखाडा बाळापूरचा आजचा तरुण ज्या महाराष्ट्राच्या नावाने फ्रेडीवर हक्क सांगतो, तो महाराष्ट्र फ्रेडी शाळेत असताना, १९६० मध्ये, जन्माला आला. हा हक्क वारशाने आलेला नाही, तो मागाहून घेतलेला आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे समजणे सोपे जाते.

शाळेतील वर्षांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. फरोखचा ‘फ्रेडी’ तिथेच झाला. पियानोचे रीतसर शिक्षण तिथे मिळाले. १९५८ मध्ये वसतिगृहातील मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बॅंड काढला, त्यात तो पियानो वाजवी. ही मुले लिटल रिचर्डची आणि क्लिफ रिचर्डची गाणी म्हणत. त्यातला पहिला अमेरिकन कृष्णवर्णीय गायक. दुसरा ब्रिटनचा लाडका तारा, पण जन्माने लखनौचा. सह्याद्रीच्या पठारावरील या मुलांना कोण कुठला याची चिंता नव्हती. ती चिंता मोठ्यांच्या जगात होती.

१९६३ मध्ये तो झांजिबारला परतला. १२ जानेवारी १९६४ रोजी तिथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली, अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांच्या कत्तली झाल्या. वडील बोमी बुलसारा ब्रिटिश वसाहती प्रशासनात रोखपाल होते. कुटुंबाकडे ब्रिटिश पासपोर्ट होते, म्हणून ते त्याच वर्षी लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथे पोचले. पूर्व आफ्रिकेतील आशियाई कुटुंबांच्या नशिबी पुढे जे आले त्याची ही नांदी होती. १९६८ मध्ये केनियातील भारतीय मोठ्या संख्येने येऊ लागताच ब्रिटिश संसदेने घाईघाईने कायदा करून त्यांच्या पासपोर्टची किंमत उतरवली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ईनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले. बुलसारा कुटुंब चार वर्षे आधी आले, एवढेच त्यांचे दैव.

अशा लंडनमध्ये १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघांबरोबर फ्रेडीने बॅंड बांधला, त्याला क्वीन हे नाव दिले आणि स्वतःला मर्क्युरी हे आडनाव लावले. बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन १९७१ मध्ये आला. नाव बदलण्याला ‘लाज वाटली’ असे एका शब्दाचे स्पष्टीकरण देणे सोपे आहे. मराठवाड्यातील वाचकाला मात्र ते पुरणार नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत एका नावासाठी माणसे तुरुंगात गेली, घरे जळली, जीव गेले. या दोन गोष्टींची तुलना होत नाही. एक समूहाचा लढा, दुसरी एका कलावंताची खासगी निवड. तरीही नाव म्हणजे नुसता कागदावरचा शब्द असतो, असे मराठवाड्यात कोणी म्हणणार नाही. नाव कोणत्या दारातून आत घेते आणि कोणत्या दारात अडवते, हे इथे ठाऊक आहे.

आता ध्वनिमुद्रणे.

सत्तरच्या दशकातील क्वीन म्हणजे आवाजांवर आवाज चढवलेली भव्य रचना. १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ हे त्याचे शिखर. सुरुवातीच्या अल्बमांच्या वेष्टनावर हे लोक अभिमानाने छापत की आत सिंथेसायझर वापरलेला नाही. ३० जून १९८० रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘द गेम’ने ती प्रतिज्ञा मोडली. त्यात ओबरहाइम कंपनीचा सिंथेसायझर आहे. पण या अल्बममधला खरा बदल यंत्राचा नाही, जागेचा आहे. म्युनिकमधील आराबेला-हाउस या उंच इमारतीच्या तळघरातील म्युझिकलँड स्टुडिओत, राइनहोल्ड माक या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली, चौघे कमी वाजवायला शिकले. थरांवर थर चढवण्याऐवजी मोकळी जागा सोडायला शिकले.

याचा नमुना म्हणजे डीकनने लिहिलेले ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. टेलरच्या ड्रममध्ये घोंगड्या कोंबून त्यांचा निनाद मारला गेला. त्या कोरड्या ठेक्याचा एक तुकडा टेपवर घेऊन तोच पुनःपुन्हा फिरवला गेला. त्यावर डीकनची बेस गिटार, उलटा चालवलेला पियानो, टाळ्या आणि मधली शांतता. ही रीत त्याने न्यू यॉर्कच्या ‘शिक’ या कृष्णवर्णीय डिस्को बॅंडच्या ‘गुड टाइम्स’वरून उचलली होती आणि ते लपवलेही नव्हते. ऑक्टोबर १९८० मध्ये हे गाणे अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलके असे की ते सोल संगीताच्या यादीत, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत, दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. तोवर क्वीन हा गोऱ्या विद्यार्थ्यांचा बॅंड समजला जाई. आवाजाने एक सीमा ओलांडली. ज्याच्या कंठातून ती ओलांडली गेली त्याच्या चेहऱ्याकडे कोणी ‘हा नेमका कुठला’ म्हणून फारसे पाहिले नाही.

पुढच्या वर्षी, जुलै १९८१ मध्ये, स्वित्झर्लंडच्या माँत्रो येथील माउंटन स्टुडिओत डेव्हिड बोवीसह ‘अंडर प्रेशर’ मुद्रित झाले. तो स्टुडिओ १९७९ पासून क्वीनच्याच मालकीचा होता. गंमत नव्हे, पण नोंद घेण्यासारखे: त्याच जुलैच्या ३ तारखेला फेल्टमपासून फार दूर नसलेल्या साउथॉलमध्ये आशियाई तरुण आणि वंशद्वेषी टोळकी यांच्यात दंगल पेटली होती. योगायोगांना अर्थ चिकटवण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा. परंतु बुलसारांच्या शेजारातील मुलगा कोणत्या वस्तीतून किती लांब गेला, हे मोजायला अशा तारखा उपयोगी पडतात.

१९८२ चा ‘हॉट स्पेस’ चाहत्यांना रुचला नाही. त्यात गिटार मागे आणि म्युनिकच्या नाचघरांचा ठेका पुढे होता. अमेरिकेतील लोकप्रियता तिथून ओसरू लागली. सप्टेंबर १९८२ नंतर फ्रेडी अमेरिकेत क्वीनसह कधीच मंचावर दिसला नाही. अल्बम वाईट होता की अकाली होता, यावर वाद घालणारे अजून घालतात.

फेब्रुवारी १९८४ मधला ‘द वर्क्स’ हा या धाग्याचा मध्य. लॉस एंजेलिस आणि म्युनिक येथे तो मुद्रित झाला. त्यातील टेलरचे ‘रेडिओ गागा’ हे रेडिओच्या उतरत्या काळाबद्दलचे गाणे आहे. चित्रफितींच्या झगमगाटात नुसता ऐकण्याचा आनंद हरवत चालल्याची ती तक्रार. आणि तिची जाहिरात झाली ती अर्थातच चित्रफितीतून, फ्रित्झ लँगच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाचे तुकडे जोडून. भारतात त्याच वर्षी दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांचा सपाटा लागला होता आणि जुलैपासून ‘हम लोग’ सुरू झाले होते. मराठवाड्यातील खेड्यांत मात्र घरातला आवाज अजून आकाशवाणीच्या परभणी केंद्राचा होता. जे गाणे लंडनमध्ये गतकाळाचा शोक वाटत होते ते परभणीच्या टापूत भविष्याची सूचना ठरले असते.

याच अल्बमच्या शेवटी एक छोटे, शांत गाणे आहे: ‘इज धिस द वर्ल्ड वुई क्रिएटेड?’ मे आणि मर्क्युरी यांनी ते म्युनिकमध्ये लिहिले. आफ्रिकेतील दारिद्र्याची दृश्ये टीव्हीवर पाहून. साथीला फक्त गिटार. हे लक्षात ठेवून ऑक्टोबरकडे यावे.

ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने ‘द वर्क्स’च्या दौऱ्याचा एक टप्पा सन सिटी येथे केला. जोहान्सबर्गपासून मोटारीने दोनेक तासांवर, सोल कर्झनर या उद्योजकाने १९७९ मध्ये उघडलेली ती जुगार आणि मनोरंजनाची नगरी. कागदोपत्री ती दक्षिण आफ्रिकेत नव्हती. बोफुथात्स्वाना नावाच्या ‘स्वतंत्र देशा’त होती. हे स्वातंत्र्य दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारनेच १९७७ मध्ये बहाल केले होते, आणि त्या सरकारच्या व त्याने निर्माण केलेल्या तशाच तुकड्यांच्या बाहेर जगातील एकाही राष्ट्राने ते मानले नव्हते. काळ्या नागरिकांना असे ‘देश’ वाटून दिले की ते आपल्याच भूमीवर परके ठरतात, हा त्यामागचा हिशेब. जुगार दक्षिण आफ्रिकेत निषिद्ध होता, बोफुथात्स्वानात नव्हता. म्हणून गोरे प्रेक्षक शनिवार-रविवारी ‘परदेशी’ जात आणि सोमवारी परत येत. फ्रँक सिनात्रा १९८१ मध्ये तिथे गाऊन गेला होता, १९८३ मध्ये एल्टन जॉन आणि रॉड स्टुअर्ट. मानधन प्रचंड असे, कारण ते गाण्यासाठी नव्हते. जग आम्हांला वाळीत टाकत नाही, हे दाखवण्यासाठी होते.

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर १९८० मध्ये सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन केले होते. १९८३ पासून तिथे जाणाऱ्या कलावंतांची सूची प्रसिद्ध होऊ लागली होती. ब्रिटनच्या वादकांच्या संघटनेची आपल्या सभासदांना तिथे वाजवण्यास मनाई होती. क्वीन तरीही गेले. बारा प्रयोग ठरले होते. फ्रेडीचा घसा बसला आणि त्यातले काही रद्द झाले. संघटनेने दंड केला, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सूचीत नाव लागले.

त्या आठवड्यांत दक्षिण आफ्रिकेत काय चालले होते, हे ‘आपला’ म्हणणाऱ्याने वाचलेच पाहिजे. ३ सप्टेंबर १९८४ रोजी नवी राज्यघटना अमलात आली. तिने संसदेची तीन सभागृहे केली: एक गोऱ्यांचे, एक मिश्रवंशीयांचे, आणि एक भारतीयांचे. बहुसंख्य काळ्या जनतेला एकही नाही. भारतीयांच्या सभागृहासाठी ऑगस्टमध्ये निवडणूक झाली तेव्हा बहुतेक भारतीय मतदारांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. काळ्यांच्या मानेवर बसवलेल्या पायरीवर आम्हांला उभे राहायचे नाही, असे त्या बहिष्काराचे म्हणणे होते. त्याच ३ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या दक्षिणेकडील व्हाल भागातील वस्त्यांत उठाव सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये सैन्य वस्त्यांत उतरले. १६ ऑक्टोबरला डेस्मंड टुटू यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले. सन सिटीच्या सुपरबाउल सभागृहात त्याच महिन्यात ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ वाजत होते.

आता कल्पना करावी की बोमी बुलसारा नोकरीसाठी झांजिबारऐवजी दर्बनला गेले असते. मुंबई इलाख्यातून आणि मद्रासहून दोन्हीकडे माणसे जात, त्यामुळे ही कल्पना दूरची नाही. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने त्यांचा मुलगा भारतीय म्हणून नोंदला गेला असता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने त्याने कोणत्या वस्तीत घर घ्यावे हे ठरवले असते. शाळा, दवाखाना, समुद्रकिनारा, आगगाडीचा डबा, सगळे ठरलेले. ऑगस्ट १९८४ मध्ये त्याला त्या तिसऱ्या सभागृहासाठी मत देण्याचा ‘अधिकार’ मिळाला असता. सन सिटीच्या मंचावर तो सन्मानाने उभा राहिला कारण त्याच्या खिशात ब्रिटिश पासपोर्ट होता आणि भित्तिपत्रकावर मर्क्युरी हे नाव होते.

बॅंडचा बचाव असा होता: आम्ही राजकारणी नाही, चाहते जिथे आहेत तिथे वाजवतो, प्रेक्षकांत सर्व वर्णांचे लोक होते, आणि कर्णबधिर व अंध मुलांच्या एका शाळेला आम्ही पैसा दिला. यातील प्रत्येक वाक्य वेगळे घेतले तर खरेही असेल. सन सिटीत आसनांची वर्णानुसार विभागणी नव्हती. पण तिकिटाच्या किमतीने जे काम होत होते त्याला वेगळ्या पाटीची गरज नव्हती. गावकुसाबाहेरच्या वस्तीला देवळाचे दार कायद्याने खुले झाल्यावरही उंबरठा कसा उंच राहतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ‘प्रवेश सर्वांना खुला’ या वाक्याची लांबीरुंदी माहीत असते.

या प्रकरणात भारताची बाजू उजळ आहे, आणि मराठी मजकुरांत तिचा उल्लेख क्वचितच येतो. जुलै १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असे करणारा तो पहिला देश. तिथल्या भारतीयांची जमीनधारणा जखडणाऱ्या कायद्याचे ते उत्तर होते, आणि त्याच वर्षी भारताने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. फरोखचा जन्म त्याच १९४६ च्या सप्टेंबरातला. पुढे कित्येक वर्षे भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळल्याचा शिक्का असे. १९७४ मध्ये डेव्हिस चषकात भारताने पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून अंतिम फेरी गाठली आणि समोर दक्षिण आफ्रिका आहे म्हणून सामनाच खेळला नाही. चषक सोडून दिला. १९८८ मध्ये ग्रॅहम गूचसह काही इंग्लिश क्रिकेटपटूंचे दक्षिण आफ्रिकेशी संबंध होते म्हणून भारताने व्हिसा नाकारला आणि इंग्लंडचा दौरा रद्द झाला. ज्या देशाने आपल्या टेनिसपटूंच्या हातचा चषक जाऊ दिला, त्या देशाचा ‘आपला’ गायक सन सिटीत गाऊन आला. हे दोन्ही एकाच अभिमानाच्या पोतडीत भरता येत नाही. एक आत घेतले की दुसरे टोचते.

इथे धागा वाचणारा कोणी म्हणेल, म्हणजे फ्रेडीला टाकून द्यायचे काय? तसे कोणी म्हटलेले नाही. टाकून देणे हेही मिरवण्याइतकेच सोपे असते.

सन सिटीचे प्रयोग आटोपले आणि २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीवर मायकल ब्यूर्क याचे इथिओपियातील दुष्काळाचे वार्तांकन दाखवले गेले. ते पाहून बॉब गेल्डॉफने नोव्हेंबरात लंडनमध्ये गायकांना जमवून मदतनिधीसाठी रेकॉर्ड काढली. त्यात क्वीन नव्हते. १९८५ मध्ये स्टीव्हन व्हॅन झँट याने अमेरिकेत कलावंतांचा दुसरा मेळा जमवला आणि सन सिटीत न गाण्याची शपथ घेणारे गाणे काढले. गाण्याचे नाव ‘सन सिटी’ हेच. त्या वर्षी क्वीनची प्रतिमा डागाळलेली होती.

१३ जुलै १९८५. वेम्ब्लीचे मैदान, लाइव्ह एड, सुमारे ७२,००० प्रेक्षक आणि जगभर कोट्यवधी. प्रत्येक बॅंडला वीसेक मिनिटे. क्वीनने तीन दिवस तालीम करून सहा गाणी घड्याळ लावून बसवली होती. त्या कार्यक्रमाचे वर्णन मराठीत अनेकदा झाले आहे, २०१८ च्या चित्रपटानंतर तर फारच. ‘रेडिओ गागा’च्या टाळ्यांना अख्खे मैदान एका वेळी हात उंचावते, ते दृश्य कोणालाही आठवेल. त्याच रात्री उशिरा फ्रेडी आणि ब्रायन मे दोघेच पुन्हा मंचावर आले, हे मात्र थोड्यांना आठवते. त्यांनी ‘इज धिस द वर्ल्ड वुई क्रिएटेड?’ म्हटले. आफ्रिकेच्या दारिद्र्यावर लिहिलेले गाणे आफ्रिकेसाठीच्या कार्यक्रमात, सन सिटीनंतर नऊ महिन्यांनी, त्याच तोंडून. चित्रपटाने सन सिटीचा उल्लेख केला नाही. त्यामुळे लाइव्ह एडचा विजय तिथे आपापसातल्या भांडणानंतरचा समेट वाटतो. तो त्याहून अवघड होता.

त्यानंतरची मुद्रणे वेगळ्या माणसांची वाटतात. नोव्हेंबर १९८५ चे ‘वन व्हिजन’ चौघांच्या नावे आले. त्याच्या मूळ शब्दांमागे टेलरच्या मनात मार्टिन ल्युथर किंग होते. ही प्रेरणा आधी सुचली असती तर, असे म्हणावेसे वाटते, पण इतिहासात ‘तर’ला जागा नाही. १९८६ मध्ये ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ आणि त्याचा अवाढव्य दौरा झाला: २७ जुलैला लोखंडी पडद्याआड बुडापेस्टमध्ये, ९ ऑगस्टला इंग्लंडमध्ये नेबवर्थला. नेबवर्थ हा फ्रेडीचा क्वीनसह शेवटचा प्रयोग. १९८७ मध्ये त्याला एचआयव्हीचे निदान झाले आणि दौरे कायमचे थांबले.

म्हणून दशकाचा शेवटचा अल्बम, मे १९८९ चा ‘द मिरॅकल’, हा पूर्णपणे स्टुडिओचा आहे. त्यात प्रथमच प्रत्येक गाण्याखाली एकच नाव आहे: क्वीन. कोणी लिहिले, मानधनाचा वाटा कोणाचा, ही वर्षानुवर्षांची भांडणे तिथे मिटली. मुखपृष्ठावर चार चेहरे एकात एक मिसळून एक झाले आहेत. ज्याने नाव निवडून घेतले होते त्याने ते सर्वांच्या नावात सोडून दिले. आजाराची बातमी बाहेर फुटू दिली नाही. माँत्रोच्या स्टुडिओत तो १९९१ पर्यंत, अंगात बळ असेल तेवढा वेळ, गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्स असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी गेला.

लंडनच्या केन्सल ग्रीन येथील अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. ज्या नावाने जग त्याला ओळखत होते त्या नावाशी त्या प्रार्थनांचा काही संबंध नव्हता. बुलसारच्या आजोबा-पणजोबांसाठी म्हटल्या गेल्या असतील त्याच त्या अवेस्ताच्या प्रार्थना. आईवडील समोर होते.

२९ नोव्हेंबर २००३ रोजी केपटाउनच्या ग्रीन पॉइंट मैदानावर नेल्सन मंडेला यांच्या एड्सविरोधी मोहिमेचा मोठा संगीत समारोह झाला. नाव होते ‘४६६६४’, मंडेलांचा तुरुंगातील क्रमांक. तो उभा करण्यात पुढाकार घेणाऱ्यांत ब्रायन मे आणि रॉजर टेलर होते. एकोणीस वर्षांनी ते त्याच देशात वाजवत होते, या वेळी त्या देशातील सर्वांच्या निमंत्रणावरून, आणि ज्या रोगाने त्यांचा गायक नेला त्याच्यासाठी.

सप्टेंबर २०१६ मध्ये फेल्टमच्या ग्लॅडस्टन ॲव्हेन्यूवरील त्या लहानशा घरावर इंग्लिश हेरिटेज संस्थेने निळी पाटी बसवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत फ्रेडी मर्क्युरी असे आहे, आणि खाली कंसात फ्रेड बुलसारा. फरोख कुठेच नाही.